जात्याचा खुंटा कोणी धरावा?

गेल्या रामनवमीच्या उत्सवात आम्ही शिर्डीस होतो. वारकऱ्यांच्या मासिकात शिर्डीचे नाव आलेले पाहून कोणास नवल वाटेल, म्हणून आधीच सांगतो. ज्या जिल्ह्यात माउलींचे नेवासे आहे, त्याच जिल्ह्यात शिर्डी आहे. पंढरीचे माहात्म्य सांगणाऱ्या दासगणू महाराजांनीच (१८६८–१९६२) साईबाबांचे नाव कीर्तनातून गावोगाव नेले. तेव्हा वारकऱ्याला शिर्डी परकी नाही. शिवाय आज आम्हांस जे सांगावयाचे आहे, त्याचा दृष्टांत शिर्डीतच द्वारकामाईत ठेवलेला आहे.

दर्शन आटोपून सावलीला बसलो होतो. तेथे राहात्याकडचे एक वृद्ध वारकरी भेटले. आषाढीची वारी कधी चुकली नाही, शेती बेताची, शिक्षण सातवीपर्यंत. त्यांनी पिशवीतून एक पत्र काढून आमच्या हाती दिले. एका रुग्णालयाने त्यांस कळविले होते की, आमच्याकडे रोगांवरील संशोधनाचे प्रस्ताव येतात; ते तपासणाऱ्या नैतिकता समितीवर सामान्य नागरिक म्हणून आपण बसावे.

म्हणाले, "माउली, मी तिथं जाऊन काय सांगू? सगळे डॉक्टर, वकील. मला इंग्रजी येत नाही. बरं, जाऊ नये म्हणावं, तर मन ऐकत नाही. घरची मंडळी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेली. आठवड्यातनं दोनदा यंत्रावर न्यायचो, चार वर्षं. संशोधनाला कोटींनी पैसा लागतो म्हणतात. तो कोणत्या रोगावर लावायचा, हे ठरवतं कोण? मला विचाराल, तर मी सांगेन, सगळा मूत्रपिंडावर लावा."

भोवतीच्या मंडळींत लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, "जाऊ नका बुवा, तुमची सही तेवढी हवी असेल त्यांना." दुसरा म्हणे, "अहो, जा की! ओळखी होतील, नातवाला चिकटवून घ्याल." आम्हांस दोन्ही उत्तरे पटली नाहीत, पण तिसरे उत्तरही तेव्हा सुचले नाही. पुढे पुष्कळ दिवस विचार केला, तो येथे मांडतो. प्रश्न त्या एका वारकऱ्याचा नाही. वैद्यकाचे ज्ञान नसलेल्या माणसाला वैद्यकाच्या संशोधनात बोलण्याचा अधिकार आहे काय, आणि असला तर तो कोठवर?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या देशात २०१९ साली नवी औषधे आणि त्यांच्या चाचण्या यांविषयीचे नियम झाले. औषधाची माणसांवर चाचणी करावयाची, तर नैतिकता समितीची संमती लागते. समितीत निदान सात सभासद हवेत, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे हवेत, आणि त्यांत एक सामान्य नागरिक हवाच. तो सभेला हजर नसेल, तर गणसंख्याच पुरी होत नाही. म्हणजे मोठमोठे डॉक्टर बसलेले असले तरी आपला सातवी शिकलेला माणूस आल्यावाचून निर्णय व्हावयाचा नाही! आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांतही हा सामान्य सभासद स्थानिक भाषा, चालीरीती आणि नीतिमूल्ये जाणणारा असावा, असे सांगितले आहे.

ही झाली संशोधन करू द्यावे की नाही, याची गोष्ट. पैसा कोणत्या संशोधनाला द्यावा, ही त्याच्या अलीकडची पायरी. तेथे सामान्यांस विचारण्याची रीत आपल्याकडे अजून रुळलेली नाही. इंग्लंडात ती बरीच रुळली आहे. तेथे २००६ साली स्थापन झालेली आरोग्यसंशोधनाची सरकारी संस्था पैसे वाटण्याच्या समित्यांवर साध्या नागरिकांस बसविते. कोणी रोगी असतो, कोणी रोग्याची शुश्रूषा केलेला असतो. प्रस्ताव वाचून ते आपले मत साध्या भाषेत देतात.

आता पूर्वपक्ष ऐकू. कोणी म्हणेल, "विहीर खणताना पाणाड्याला विचारावे, शस्त्रक्रियेच्या वेळी शल्यवैद्याला. न कळणाऱ्याने कळणाऱ्याच्या कामात तोंड घालणे हा अहंकार होय." हा आक्षेप हलका नाही. नम्रता हा आपल्या पंथाचा अलंकार आहे, आणि नम्र माणसालाच तो अधिक बोचतो.

यास उत्तर असे. रोगाविषयीचे ज्ञान दोन प्रकारचे आहे. रोग कशाने होतो, कोणते औषध किती लागू पडते, हे एक ज्ञान. ते अभ्यासाने येते. रोग घरात आला म्हणजे काय काय मोडते, हे दुसरे. ते भोगल्याने येते. यंत्रावर नेण्याच्या दिवशी गडी कोण लावायचा, एस्टीची वेळ आणि रुग्णालयाची वेळ जुळत नाही तेव्हा काय करायचे, पाणी मोजून प्यायचे तर उन्हाळ्यात तहानेचे काय, हे आमच्या त्या वारकऱ्यास जितके ठाऊक आहे तितके कोणत्या पुस्तकात आहे? ज्याचे जळते त्याला कळते, असे आपण म्हणतो ते उगीच नाही.

हे केवळ बोलणे नव्हे. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गुडघ्याच्या संधिवाताविषयी एक लेख आला. संशोधक बहुतेक करून औषधांच्याच चाचण्या करीत होते. रोग्यांस विचारले, तेव्हा त्यांस व्यायामोपचार, शस्त्रक्रिया आणि दुखणे घेऊन रोज कसे वागावे, यांविषयी खात्रीचे ज्ञान हवे होते. पायी वारी करणाऱ्यास गुडघ्याचे महत्त्व आम्ही सांगावयास नको. दुखणे एकीकडे आणि शोध दुसरीकडे चालला, तर पैसा खर्च होऊनही दुखणे तेथेच राहते.

आपल्या महाराष्ट्रात तर याची याहून जुनी उदाहरणे आहेत. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. ते रोग बरे करावयास आले होते. लोकांनी सांगितले, आधी पाणी आणि अन्न यांचे पाहा. दुष्काळाचे दिवस होते. डॉक्टरांनी ते ऐकले, आणि कूपनलिका व जेवण हेच त्यांच्या वैद्यकाचे पहिले पाठ झाले. पुढे गावातल्या अल्पशिक्षित, कित्येकदा निरक्षर बायाच तेथल्या आरोग्यसेविका झाल्या, आणि त्या कामाचे नाव जगभर झाले.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेथे आदिवासींस विचारले, तुम्हांला रुग्णालय कसे हवे? मोठी इमारत पाहून भीती वाटते आणि नातेवाईकांना राहायला जागा नसते, असे उत्तर आले. म्हणून रुग्णालय झोपड्यांच्या पाड्यासारखे बांधले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. कोणत्या आजारावर आधी काम करावे, हेही तेथे लोकांची आरोग्यसंसद भरवून विचारले जाते.

त्याच भागातली आणखी एक गोष्ट मन लावून ऐकण्यासारखी आहे. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचा वृत्तांत दिला गेला. शंभरांत ९२ स्त्रियांस स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते, आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ होत्या. माउली, हे दुखणे त्या वर्षी थोडेच आले होते? पिढ्यान्‌पिढ्या अंगावर काढले जात होते; डोक्यावर तुळस घेऊन आपल्याबरोबर चालणाऱ्या आयाबहिणीही असेच काढीत असतील. कोणी विचारले नाही, म्हणून ते वहीत आले नाही. वहीत नाही, म्हणून त्याला पैसा नाही. न विचारणे हीसुद्धा एक करणी आहे, आणि तिचे पाप कोणाच्या तरी माथी आहेच.

येथवर सामान्यांचा अधिकार सिद्ध झाला. आता त्याची मर्यादा सांगतो, कारण मर्यादा न सांगता अधिकार सांगणे हे खुशामतीचे काम आहे.

शिर्डीची ती गोष्ट बहुतेकांस ठाऊक असेल. हेमाडपंतांनी, म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोळकर यांनी, ती श्रीसाईसच्चरिताच्या पहिल्याच अध्यायात सांगितली आहे. १९१० नंतरच्या एका सकाळी बाबा जाते मांडून गहू दळावयास बसले. गावात बातमी पसरली. चार बाया धावत आल्या, बाबांचा हात बाजूला सारून त्यांनी खुंटा धरला, आणि गाणी म्हणत दळण पुरे केले. मग त्यांच्या मनात आले, बाबांना ना घर ना संसार, एवढे पीठ त्यांना काय करायचे? त्यांनी पिठाचे चार वाटे केले आणि घरी न्यावयास निघाल्या. बाबा रागावले. पीठ गावाच्या शिवेवर नेऊन टाका, म्हणाले. गावात पटकीची साथ होती, आणि तिच्यासाठी ते दळण होते. ते जाते आजही द्वारकामाईत आहे.

भाविकाने या गोष्टीतून श्रद्धा घ्यावी. आमची त्यास हरकत नाही. पण आज लिहिताना एक गोष्ट स्पष्ट लिहिलीच पाहिजे. पटकी दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरते, आणि ती थांबवावयाची तर शुद्ध पाणी, स्वच्छता आणि वेळेवर उपचार हवेत. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी शिरली, तेव्हा बनगाव येथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा घातलेले पाणी रोग्यांच्या नातेवाइकांकडूनच पाजविले. मृत्यूचे प्रमाण शंभरांत ३० होते, ते ४ च्या आत आले. हे पाणी गुणकारी आहे, हे कोणी हात वर करून बहुमताने ठरविले नव्हते. प्रयोगशाळांत आणि रोग्यांच्या खाटांपाशी पुष्कळ वर्षे तपासून ते ठरले होते. पण ते पाजणारे हात मात्र आयांचे आणि भावांचे होते.

म्हणून आमचा सिद्धांत असा : कोणता प्रश्न आधी घ्यावा आणि माणसांकडून काय सहन करवून घ्यावे, हे सांगण्याचा अधिकार लोकांचा, उत्तर खरे की खोटे, याची परीक्षा शास्त्राची. समितीत बसलेल्या सामान्य माणसाने "अमुक काढा घेऊन माझा चुलता बरा झाला, त्याला पैसा द्या" असे म्हणू लागणे, हे त्याच्या अधिकारात नाही. आणि डॉक्टराने "तुमच्या गावाला कशाचे दुःख जास्त, ते मला विचारा" असे म्हणणे, हे त्याच्या अधिकारात नाही. दोघांनी आपापली पायरी ओळखली, तर दोघांचे ज्ञान एकमेकांस पुरे पडते.

पण आम्हांस त्या गोष्टीत याहून खोल बोध दिसतो. त्या बाया वाईट नव्हत्या. कोणी बोलाविले नसता आल्या, घाम गाळला. सेवा खरीच होती. चूक झाली ती दळण संपल्यावर. सेवा केली म्हणून पीठ आपले, असे त्यांस वाटले. सार्वजनिक कामात पडणाऱ्या आपणा सर्वांचे असेच होते. खुंटा धरताना मन गावाचे असते; वाटे करताना ते घरचे होते.

नातवाची नोकरी हा पिठाचा एक वाटा झाला. तो ओळखावयास सोपा, म्हणून टाळावयासही सोपा. "सगळा पैसा मूत्रपिंडावर लावा" हा दुसरा वाटा. तो ओळखावयास फार कठीण, कारण त्याला लोभाचा वास नाही, शोकाचा आहे. ज्या दुःखाने माणसाला बोलण्याचा अधिकार दिला, तेच दुःख त्याला इतरांच्या दुःखाविषयी बहिरे करू शकते. पैसा मोजका आहे. मूत्रपिंडाला दिलेला रुपया बाळंतिणीला, क्षयाला, सर्पदंशाला मिळत नाही. त्या घरांतही कोणी चार वर्षे कोणाला उचलून नेत असेल. फक्त त्यांचा माणूस समितीत बसलेला नाही. म्हणून तेथे बसणाऱ्याने आपले दुःख डोळ्यांसारखे वापरावे. डोळ्यांनी आपण दुसऱ्याकडे पाहतो. डोळ्यांना स्वतःकडे पाहता येत नाही.

गोरोबाकाकांची कथा या ठिकाणी आठवते. संतमंडळी जमली असता मुक्ताईने थापटण्याविषयी विचारले, आणि काकांनी मडकी पारखावी तसे एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सगळे शांत राहिले; नामदेवरायांस मात्र राग आला, आणि ते मडके कच्चे ठरले. थोरांच्या मेळ्यात पारख करण्याचे काम कुंभाराकडे आले, ते त्याच्या धंद्यातल्या अनुभवामुळे. हा सामान्यांचा अधिकार. पण थापटणे डोक्यावर बसताच जो चिडतो तो कच्चा. हा नियम डॉक्टरांना आहे तसा समितीत बसणाऱ्या वारकऱ्यालाही आहे. कोणी विचारले, "बुवा, हे तुम्ही गावाचे सांगता की स्वतःचे?" तर राग येता कामा नये.

पीठ नेण्याच्या उलट दुसरा दोष म्हणजे खुंट्याला नुसता हात लावून बसणे. मान मिळाला, चहा झाला, सही केली, घरी आलो! यातून काय अनर्थ होतो ते पाहा. २००९ साली आंध्र आणि गुजरातेत हजारो मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस अभ्यासासाठी देण्यात आली. पुढे चौकशीत निघाले की, कित्येक ठिकाणी आईबापांस न विचारता वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच संमतिपत्रांवर सह्या केल्या होत्या. २०१० साली सरकारने ते काम थांबविले, आणि २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. येथे नीट समजून घ्यावे. ती लस वाईट नव्हती. जगातल्या आरोग्यसंस्था ती मुलींना द्यावी असेच सांगतात. चुकली ती विचारण्याची रीत. कागद तपासताना एकाही साध्या माणसाने "ही सही बापाची का नाही?" एवढे विचारले असते, आणि उत्तर मिळाल्यावाचून उठला नसता, तर पुष्कळ टळले असते.

हे विचारावयास इंग्रजी लागत नाही. माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशास गीतार्थ मराठीत सांगितला, तेव्हा ऐकणाऱ्यांस आधी संस्कृत शिकून या असे म्हटले नाही, आणि अर्थही उथळ केला नाही. जाणत्याने नेणत्याच्या भाषेत उतरावे, हा आपल्या पंथाचा पायाच आहे. तेव्हा आपल्या माणसाने समितीत पहिले वाक्य हेच म्हणावे, "मला कळेल अशा मराठीत सांगा." सांगता आले नाही, तर ज्याच्यावर प्रयोग व्हावयाचा त्या रोग्यालाही ते सांगितले जाणार नाही, हे पक्के समजावे. मग विचारावे, रोग्याला किती फेऱ्या माराव्या लागतील, आणि त्या दिवसाची मजुरी कोण देणार? अपाय झाला तर उपचार कोण करील? मधेच नको म्हटले, तर त्याचे नेहमीचे औषध बंद तर होणार नाही? औषध गुणकारी ठरले, तर ते आमच्या माणसांना परवडेल का? आणि सभेला जाण्यापूर्वी आपल्या आळीत, मळ्यात, विशेषतः बायामाणसांत चार प्रश्न विचारून जावे; नाहीतर गावाच्या नावाने आपण एकटेच बोलतो.

वैशाखात ते वारकरी पुन्हा भेटले. समितीवर जाण्याचे त्यांनी ठरविले होते. आम्ही वर लिहिले ते सारे बोलून दाखविले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच विचारले, "आणि मूत्रपिंडाचाच कागद समोर आला तर?"

आम्ही म्हटले, "घरात काय सोसलं ते सगळं सांगा, माउली, काही लपवू नका. ते त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळायचं नाही. आणि कागद तुमच्या नात्यातल्या कोणाचा असेल, किंवा त्यात तुमचा काही लाभ असेल, तर तसं सांगून बाहेर येऊन बसा. नियमही तेच सांगतो."

"आणि नुसतं दुःखच असेल, लाभ काही नसेल तर?"

याचे उत्तर नियमात नाही. आम्ही जरा थांबून म्हटले, "तर हात वर करण्याआधी दुसऱ्या कागदातल्या रोग्याचं नाव मनात घ्या."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कठीण आहे. पण तिला तरी दुसरं काय आवडलं असतं? यंत्रावर असताना ती शेजारच्या खाटेवरच्या पोरीचीच चौकशी करायची."

आम्हांस वाटते, सामान्य माणसाचा अधिकार तो हाच. शिर्डीच्या दानपेटीत आपण रुपया टाकतो, त्यातून रुग्णालये चालतात. सरकारला कर भरतो, त्यातून संशोधन चालते. दळण आपलेच आहे. म्हणून बोलावणे आले तर संकोचाने मागे राहू नये. खुंटा धरावा, आणि जोर लावून धरावा. पीठ मात्र शिवेवर न्यावयाचे, घरी नव्हे. असो.

रामकृष्णहरि.